व्हरांड्यातलं टेबल

बेळगाव, कँप
रविवार, २९ नोव्हेंबर १९३६

ज्योतिबा,

तुझी लॉजिकची वही माझ्याकडे राहिली आहे. ती परत करायची म्हणून पत्र लिहितो आहे, असं मघापासून मनाशी म्हणतोय. पण वही नुसतीच पोस्टात टाकता आली असती. तेव्हा ते कारण राहू दे.

तू गेलास त्याला आठ दिवस झाले. शनिवारी सकाळी ट्रंक खांद्यावर घेऊन तू फाटकाबाहेर पडलास तेव्हा मी वरच्या गॅलरीत उभा होतो. हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. मी मारली नाही. दुसऱ्या बाकावर आता मी एकटाच बसतो. गुरुवारी प्रोफेसरांनी प्रश्न टाकला आणि सवयीने आपल्या बाकाकडे बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण उत्तर त्यांनी स्वतःच सांगितलं.

जे झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या तोंडून मात्र तू ते कधी ऐकलं नाहीस. दीड वर्ष तू काकतीहून रोज पाच मैल चालत आलास आणि पाच मैल परत गेलास. यंदा इंटरची परीक्षा, म्हणून फादर लोबोंनी या महिन्यात तुला वसतिगृहात खाट दिली. चार दिवस तू मोठ्या जेवणघरात बाकीच्या मुलांबरोबर जेवलास. पाचव्या दिवशी येळ्ळूरच्या नागोजीने अर्ज फिरवला, की महार विद्यार्थ्याची पंगत वेगळी करावी. चौतीस सह्या झाल्या. सोमवारी फादरांनी तुझं ताट व्हरांड्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी एका लहान टेबलावर ठेवायला सांगितलं. 'थोडे दिवस,' असं ते म्हणाले. तू पाच दिवस तिथे जेवलास आणि सहाव्या दिवशी निघून गेलास.

त्या अर्जावर माझी सही आहे. हे तुला कळलंच असेल, तरी मी लिहितो, म्हणजे मी लपवलं असं नको.

माझ्या मनात काय होतं ते सांगू का? आम्हा सहा जैन मुलांचं जेवण दिवस मावळायच्या आत, वेगळ्या चुलीवर होतं. तू त्यावरून माझी थट्टा करायचास. मी मनाशी म्हटलं, मी तरी कुठे सगळ्यांबरोबर जेवतो? मी वेगळा बसतो, ज्योतिबा वेगळा बसला तर काय बिघडलं? तेव्हा हे अगदी सरळ वाटलं होतं. आता लिहिताना वाटत नाही.

एक सुचवतो. वसतिगृहात नको वाटत असेल तर पूर्वीसारखा रोज चालत ये. वर्ग करून परत जा. नागोजीला किंवा कुणालाच त्यावर काही बोलता येणार नाही. टर्म बुडाली तर फॉर्म भरू देणार नाहीत, आणि आपल्या वर्गात पहिल्या वर्गाची आशा असलेला तू एकटा आहेस.

वहीत या आठ दिवसांची टिपणं मी लिहून काढली आहेत. अक्षर माझं आहे, पण चुका तुला सापडतीलच.

रायगोंडा


बेळगाव, कँप
सोमवार, ७ डिसेंबर १९३६

ज्योतिबा,

उत्तर आलं नाही म्हणून काल मीच काकतीला आलो होतो. तुझ्या आईने सांगितलं असेल.

गावात शिरल्यावर महारवाडा कुठे हे विचारायलाच मला अवघड वाटलं. एका म्हाताऱ्याने हात करून दाखवलं आणि मी तिकडे वळेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला. तुझ्या आई दारातच धान्य निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितल्याबरोबर त्या उठल्या.

"निपाणीकडचं न्हवं तुमी? ज्योती सांगत असतोय," त्या म्हणाल्या. "त्यो न्हाय घरात. मच्छ्याच्या रस्त्याचं काम चाललंय, तितं हजेरी लिवायला लागलाय. पंधरा दिसानं येतोय एकदा."

मी विचारलं, कॉलेजचं काही बोलला का. त्या म्हणाल्या, "काय बोलत न्हाय. पुस्तकं पेटीत घातली आन कुलूप लावलं. तुमास्नी म्हाईत आसंल काय झालं त्ये."

मला माहीत होतं आणि मी मान खाली घातली. त्या आत गेल्या आणि पितळीत भाकरी आणि काहीतरी कालवण घेऊन बाहेर आल्या. लांबून चालत आलोय, दोन घास खाऊन जा, म्हणाल्या.

तेव्हा दिवस मावळला होता, ज्योतिबा. मला पोचायला उशीर झाला होता. मी म्हटलं, "दिवस बुडल्यावर आमच्यात खात नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला अजून तांबडं होतं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पितळी आत घेऊन गेल्या. मी खरं तेच बोललो होतो. आमच्या घरी आईसुद्धा त्या वेळी मला पाणी देत नाही. पण परत येताना पाच मैल त्यांचं ते 'बरं' माझ्या कानात होतं. मी खरं बोललो आणि त्यांना ते खोटं वाटलं, यात त्यांची काय चूक, हे मला समजत नव्हतं असं नाही.

फादर लोबोंनी आज मला ऑफिसात बोलावलं. तू कुठे आहेस हे विचारलं. मी मच्छ्याचं सांगितलं. त्यांनी सांगितलं की नाताळच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल, सहा जानेवारीला, त्या दिवशी तू हजर झालास तर हजेरी कशीबशी भरते. एक दिवसही पुढे गेला तर नाही. हे मी तुला कळवावं असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच का लिहीत नाही? ते टेबलावरचे कागद उगाच नीट करत बसले.

सहा जानेवारी, ज्योतिबा. रोज चालत ये, पण ये.

रायगोंडा


मच्छे
शुक्रवार, ११ डिसेंबर १९३६

रायगोंडा,

आईने दोन्ही पत्रं माणसाबरोबर इकडे पाठवली. वही मिळाली. टिपणांत तीन चुका आहेत.

मी रोज चालत येणार नाही. दीड वर्ष आलो, कारण तेव्हा मला कुणी पंगतीतून उठवलं नव्हतं. आता चालत आलो तर जेवणघराच्या दारावरून रोज जावं लागेल, आणि मी त्या दारातून का आत जात नाही हे सगळ्या कॉलेजला माहीत असेल. मी आलो तर त्याच दाराने आत येईन आणि त्याच जेवणघरात बसेन. नाहीतर इथे माझं बरं चाललंय. सकाळी दोनशे माणसांची नावं घेतो, ती 'हाय' म्हणतात. कुणी कुठे बसावं हे मला कुणी सांगत नाही.

तू लिहिलंस की अर्जावर तुझी सही आहे. सह्या चौतीस होत्या. सही नागोजीची आहे, तुझी आहे, ज्याला इंग्रजी धड वाचता येत नाही त्या परशरामचीही आहे. पण तो अर्ज लिहिला कुणी, हे तू लिहिलं नाहीस.

फादरांनी तो मला वाचायला दिला होता. पहिल्या चार ओळींतच मला कळलं. 'ज्याअर्थी' पासून 'त्याअर्थी' पर्यंत कसं जायचं, हे मी तुला जुलै महिन्यात आपल्या बाकावर बसून शिकवलं होतं.

त्यातलं दुसरं विधान खोटं आहे. तू लिहिलंस, ज्यांचे जेवणाचे नियम वेगळे त्यांची सोय वसतिगृह वेगळी करतं, आणि या विद्यार्थ्याचे नियम वेगळे आहेत. माझे नियम वेगळे नव्हते. नागोजी जे जेवत होता तेच मी जेवत होतो. वेगळे नियम तुझे आहेत, आणि ते तू स्वतः मागून घेतले आहेस.

आईच्या भाकरीबद्दल तिचं तिने बघावं. मी काही म्हणत नाही.

ज्योतिबा


बेळगाव, कँप
बुधवार, १६ डिसेंबर १९३६

ज्योतिबा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्यानंतर चार दिवसांत जे झालं ते क्रमाने सांगतो, आणि या वेळी काही मागे ठेवत नाही.

अर्ज मी लिहिला. नागोजी माझ्या खोलीत आला होता. त्याच्या वडिलांना गावात कुणीतरी सांगितलं होतं की मुलगा कुणाच्या पंगतीला बसतोय, आणि त्यांनी निरोप पाठवला होता की असंच चालणार असेल तर नांगर धरायला परत ये. तो घाबरला होता. मला म्हणाला, "रायगोंडा, तुझं इंग्लिश चांगलं हाय, एवढं लिवून दे." मी नाही म्हणू शकलो असतो. पण मला त्याची दया आली, हे खरं असलं तरी अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की कुणीतरी माझं इंग्रजी चांगलं आहे म्हणालं आणि मला लिहायला आवडलं. मी दोनदा खाडाखोड करून तो अर्ज चांगला केला. शेवटच्या वाक्यावर मी खूश झालो होतो. तुझ्याच शिकवणीवर तुलाच उठवण्याचा कागद मी लिहीत होतो आणि मला तेव्हा तू आठवला नाहीस. आठवला असतास तर मी कदाचित थांबलो असतो. तेही ठाम सांगता येत नाही.

आणि दुसरं. काकतीला मला पोचायला उशीर झाला नव्हता. मी चार वाजताच गावाबाहेर आलो होतो आणि तळ्याच्या बांधावर बसून राहिलो, दिवस खाली जाईपर्यंत. तुझ्या घरात काय बोलावं हे सुचत नव्हतं म्हणून बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. पण दिवस बुडाला की मला काही खाता येणार नाही, हे माझ्या मनाच्या कोपऱ्यात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

म्हणून रविवारी सकाळीच निघालो आणि नऊला तुमच्या दारात पोचलो. तुझ्या आई चूल पेटवत होत्या. मी म्हटलं, "मी अर्ज लिहिला होता, ज्योतिबाला उठवायचा. ते सांगायला आलोय."

त्यांनी चूल पेटवायची थांबवली नाही. जाळ धरल्यावर फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "मला लिवायवाचायला येत न्हाय. तुमी लिवल्यालं वाईट हुतं काय चांगलं हुतं, त्ये ज्योतीला इचारा. तुमास्नी भूक लागलीया का, एवढं सांगा."

मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बसा. हुलग्याचं माडगं करतो. तुमच्यात कांदा-लसूण चालत न्हाय, ज्योती सांगत हुता."

माझ्याबद्दल घरी एवढं बोलत होतास हे मला माहीत नव्हतं. मी जेवलो. फार जेवलो. त्या समोर बसून होत्या, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, मला चालतं तेवढंच वाढत होत्या. निघताना मी पाया पडलो, तर पाय मागे घेतले. "आसलं नगं," म्हणाल्या. "त्येला परत कसं न्यायचं तेवडं बगा."

आता काल मंगळवारचं. तुला ठाऊक आहे, ख्रिस्ती मुलं त्यांच्या धर्मशिक्षणाला चॅपेलमध्ये जातात आणि त्याच तासाला फादर लोबो आम्हा बाकीच्यांना नीतिपाठ देतात. काल विषय होता चोरी. चोरी केली, कबूल केली, देवाची क्षमा मागितली, एवढ्याने पुरत नाही, जे घेतलं ते परत द्यावं लागतं, असं ते सांगत होते. नेहमी या तासाला निम्मी मुलं भूमितीची प्रमेयं करत असतात. मीसुद्धा.

मी उभा राहिलो. विचारलं, "फादर, वस्तू घेतली नसेल, कुणाचा मान घेतला असेल, तर तो परत कसा द्यायचा?"

ते म्हणाले, "ज्यांच्यासमोर घेतला, त्यांच्यासमोर."

मग मी सगळं सांगितलं. अर्ज मी लिहिला, त्यातलं दुसरं विधान खोटं आहे, ते का खोटं आहे हे तू लिहिलंस तसंच सांगितलं, आणि माझी सही मी काढून घेतो म्हणालो. मागून कुणीतरी हसलं. मग नागोजी उठला.

"मी न्हाय काढणार," तो म्हणाला. "रायगोंडाला काय, त्येचं जेवण कायमचं येगळंच हाय. एका पंगतीत बसायची पाळी आमच्यावर हाय. माझा बा मला घरात घ्यायचा न्हाय. हे लॉजिक त्येला कोण शिकवणार?"

ज्योतिबा, तो चुकीचं बोलला असं मला म्हणता आलं नाही. माझी माफी स्वस्त होती. मी म्हटलं, "मग सहा तारखेपासून मी माझं ताट घेऊन मोठ्या जेवणघरात येतो. जेवीन माझंच, माझ्या वेळेला येईन आणि तुमच्या वेळेपर्यंत बसेन. पण बसेन तिथंच."

फादर खुर्चीवर बसले होते, ते उठले. मग म्हणाले, "रायगोंडाने लिहिलं, तुम्ही सह्या केल्या, पण टेबल मी मांडलं. मला भीती वाटली की तीस मुलं एका दिवसात गेली तर वसतिगृह बंद पडेल. एक गेला तर चालेल, असं मी ठरवलं. हा धडा तुम्हाला देणारा मीच, आणि ते ठरवणाराही मीच. सहा जानेवारीपासून व्हरांड्यात कुणी जेवणार नाही. ज्याला जेवणघरात बसायचं नाही त्याने बाहेर सोय करावी. मी त्याला अडवणार नाही आणि त्याच्यावर रागावणार नाही. वसतिगृह रिकामं झालं तर रिकामं राहील."

संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी सही काढून घेतली. अकराच. मी खोटं वाढवून सांगत नाही.

फादर तुला स्वतः पत्र लिहिणार आहेत. लिहिलं नाही तर मला कळव.

रायगोंडा


भोज, निपाणीजवळ
मंगळवार, २९ डिसेंबर १९३६

ज्योतिबा,

सुट्टीसाठी घरी आलो आहे. तंबाखूची पानं तोडायची घाई चालली आहे, घरदार शेतात असतं, सगळ्यांचे हात चिकट आणि काळे झालेत. माझेही.

आप्पांना मी सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील, चंद्रप्पा. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे आणि त्यांना शब्द फार लागत नाहीत. बांधावर बसून ते भाकरी खात होते. मी अर्जाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिवलास त्यात वावगं काय हाय?" मी मोठ्या जेवणघरात बसणार आहे म्हणालो, तेव्हा भाकरी खाली ठेवली.

"तितं दुसऱ्या चुलीचं काय काय येतंय," ते म्हणाले. "मटण येतंय. त्या वाऱ्यात बसून तू जेवणार?"

मी म्हटलं, "माझं ताट माझंच असेल."

"ताट तुझं, पर नजर? आसलंच करायचं आसंल तर शिकणं बास. हितं कामाला माणूस लागतंयच."

ते तसं करतील. त्यांनी एकदा म्हटलं की करतात. मला पहिल्यांदा नागोजीच्या जागी उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि त्याच्यावरचा माझा राग निम्मा गेला.

माझी धाकटी बहीण ब्राह्मी पानांच्या जुड्या बांधत ऐकत होती. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी सातवी पास होऊन दोन वर्षं घरी बसली आहे. आप्पांसमोर ती कधी बोलत नाही. काल बोलली. जुडी बांधता बांधताच, वर न बघता.

"आप्पा, आपण कांदा खात न्हाय, ते कांदं पिकवणाऱ्याला गावाभाईर घालवाय न्हवं. आपलं तोंड आपण आवरतो. दुसऱ्याचं ताट आवरा असं कुठल्या महाराजांनी सांगितलंय?"

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता काही खरं नाही. पण ते उठून पलीकडच्या वाफ्याकडे गेले. शिकणं बंद करण्याचा विषय अजून निघालेला नाही. निघाला तर काय करायचं हे मी ठरवलं आहे. पाच तारखेच्या सकाळच्या मोटारीने मी निघणार. नेसत्या कपड्यांवर निघावं लागलं तरी निघणार.

फादर तुला भेटल्याचं कळलं. त्यांनी मला लिहिलंय की पत्र टपालाने न पाठवता ते स्वतः मच्छ्याला गेले, कामावरच्या सगळ्या माणसांसमोर तुझ्याशी बोलले, आणि तू त्यांना 'विचार करतो' एवढंच म्हणालास. मीही एवढंच मागतो. कर विचार.

मला माफ करून ये, असं मी म्हणत नाही. माफ न करता ये. परीक्षेचा आणि त्याचा संबंध नाही.

रायगोंडा


भोज
रविवार, १८ एप्रिल १९३७

ज्योतिबा,

सव्वातीन महिने आपण एका छपराखाली होतो, तेव्हा पत्राची गरज नव्हती. पण काही गोष्टी तोंडाने बोलता आल्या नाहीत, त्या लिहितो. परीक्षा झाली आहे, तुला आता वेळ आहे.

सहा जानेवारीला दुपारी मी माझं ताट घेऊन मोठ्या जेवणघरात बसलो होतो. शेजारची जागा तुझ्यासाठी ठेवली होती, तिच्यावर माझं पुस्तक ठेवून. नागोजी आणि आणखी बारा जण गावात खोली घेऊन गेले होते, त्यामुळे काही बाकं रिकामी. फादर दारात उभे होते, आपण कुणाची वाट बघत नाही असं दाखवत. तू आलास. पुढच्या दाराने आलास. अंगावर रस्त्याची धूळ तशीच होती. माझ्याकडे बघितलंस, पुस्तकाकडे बघितलंस आणि सरळ पुढे जाऊन मंगळूरच्या दोन ख्रिस्ती मुलांच्या मध्ये बसलास.

मला त्या वेळी फार लागलं. इतकं सगळं केलं आणि हा माझ्याजवळ बसतसुद्धा नाही, असं वाटलं. चारपाच दिवस मी तुझ्यावर रुसून होतो, तुझ्या लक्षात आलं का नाही कोण जाणे. मग एक दिवस वाढप्या तुझ्यापाशी आला, त्याने तुला वाढलं आणि पुढे गेला, कुणीच काही बघितलं नाही, तूही नाही. तेव्हा मला कळलं की तू जागा माझ्याकडून घेतली असतीस तर ती माझी देणगी झाली असती.

त्यानंतर तू वर्गात माझ्या बाकावर बसायचास, पण बोलायचास नाही. 'हं' आणि 'नाही', एवढंच. फेब्रुवारीच्या मधल्या एका दुपारी तू जेवणघरात माझ्या बाकापाशी आलास, हातात ताकाचं भांडं होतं, आणि म्हणालास, "रायगोंडा, ह्यात मीठ न्हाय व्हय रं आज?"

मी चव घेऊन बघितली आणि म्हटलं, न्हाय. तू म्हणालास, "मला वाटलं माझीच जीभ गेली," आणि तिथंच टेकून भांडं संपवलंस. तुला हे आठवतही नसेल. मी त्या दिवशी डायरीत दुसरं काही लिहिलं नाही.

तेरापैकी आठ जण मार्चपर्यंत परत आले. खाणावळीचं जेवण सोसत नाही म्हणून आले, त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. पण आले आणि बसले. नागोजी आला नाही. शेवटच्या पेपरानंतर तो पायऱ्यांवर तुझी वाट बघत होता, मी बाजूला उभा होतो. त्याने विचारलं, "कसा गेला?" तू म्हणालास, "बरा. तुझा?" तो म्हणाला, "आमचं काय," आणि सायकलला टांग मारून गेला. एवढंच. पण तो थांबला होता.

आता इकडचं. मी आलो त्या दिवशी आप्पांनी विचारलं, "त्यो पोरगा पास हुईल काय?"

मी म्हटलं, "माझ्या आधी होईल."

"तुला त्यानंच शिकिवलं म्हणं लॉजिक का काय त्ये."

हे त्यांना ब्राह्मीने सांगितलं होतं. मी हो म्हटलं. काल वखारीतून आल्यावर पाय धुता धुता म्हणाले, "गुरू म्हणायचं आन दारात आणायचं न्हाय, हे बरं दिसत न्हाय. बलीव त्येला. कुठं बसवायचं त्ये तुझी आई बगंल."

मी म्हटलं, "आई नको बघायला. माझ्याजवळ बसेल."

त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. मग ते म्हणाले, "बस म्हणावं."

मी तुला जसं झालं तसं लिहिलं आहे. आमच्या घरात सगळं सुधारलं असं समजू नकोस. शेजारीपाजारी येऊन बघतील. आई गोंधळेल, एखादं भांडं दोनदा घासेल, आणि ते तुला दिसेल. तुला यायचं नसेल तर मी तुझ्याकडे काकतीला येईन, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण आलास तर येत्या रविवारी सकाळच्या कोल्हापूर मोटारीने ये. निपाणीला उतर. मी बैलगाडी घेऊन नाक्यावर असेन.

ब्राह्मीही गाडीत येणार म्हणते. तिला बेळगावला इंग्रजी शाळेत जायचं आहे, मॅट्रिक व्हायचं आहे आणि मग आपल्या कॉलेजात नाव घालायचं आहे. हे अजून आप्पांना माहीत नाही, मला परवाच सांगितलं. मी म्हटलं, तिथे दीडशे मुलांत चार मुली आहेत, पहिल्या बाकावर बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत, तुला जमेल का? तर म्हणाली, "ते तुला काय इचारायचं? जितं आपण बसलेलं कुणाला नको असतंय तितं जाऊन कसं बसायचं, ते ज्योतिबादादा येतील तवा त्यांनाच इचारतो."

तेव्हा उत्तर तयार ठेवून ये. तिला अर्धवट उत्तर चालत नाही.

तुझा,
रायगोंडा